लेग पीस आणि गरम वारा

कोल्हापूर हे मटणाचं गाव. पाहुणा आला की मटण, आखाडात टेंबलाईला नवं पाणी वाहून घरी आलं की मटण, निवडणूक जिंकली की मटण आणि हरली तर कार्यकर्त्यांच्या समाधानासाठी मटणच. २०१९ च्या अखेरीस मटणाचे दर चढले तेव्हा इथले लोक आंदोलनावर उतरले आणि विक्रेत्यांबरोबर बैठकांवर बैठका झडल्या. अशा गावात कोंबडीचा नंबर दुसरा, हे वेगळं सांगायला नको. ती घाईच्या दिवशीची, पोरांच्या हट्टाची, किंवा मटणाच्या भावाची झळ लागल्यावर आठवणारी. घरात आली तरी बहुतेक वेळा ती रश्श्यातच जाते. वरून कुरकुरीत आणि आतून रसदार अशी कोरडी तंगडी खायची असेल तर हॉटेल गाठायचं. तंदूर तिथे असतो, कढईभर तेलही तिथेच असतं.

गेल्या काही वर्षांत मात्र ओट्यावर मिक्सरशेजारी एअर फ्रायर येऊन बसला आहे. नावात तळणं असलं तरी तो काही तळत नाही. वर पंखा, त्याच्याखाली तापणारी कॉइल आणि खाली जाळीची टोपली, एवढाच त्याचा संसार. थोडक्यात, ही जोराचा वारा सुटलेली छोटी भट्टी. कल्पनाही फार नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४५ च्या सुमारास, अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी विमानात गोठवलेलं जेवण गरम करायला पंखा बसवलेली भट्टी तयार केली आणि तिचं नाव ठेवलं ‘व्हर्लविंड’, म्हणजे वावटळ. पंख्याच्या भट्ट्या पुढे बेकऱ्यांमध्ये आणि हॉटेलांच्या मुदपाकखान्यात रुळल्या. त्यांना घरगुती टोपलीचा आकार मिळाला तो २०१० मध्ये, फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात एअर फ्रायर मांडला तेव्हा. त्यामागची रचना फ्रेड व्हान डर वाय या डच संशोधकाची. बटाट्याच्या फ्राइज तेलाच्या कढईशिवाय कुरकुरीत व्हाव्यात, हा त्यांचा ध्यास होता.

म्हणजे हे यंत्र परदेशातल्या स्वयंपाकघरात जन्मलं, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या कृतीही तिथल्याच. त्या कृती एका विशिष्ट कोंबडीला गृहीत धरतात: कातडीसकट, मांडीचा तुकडा वेगळा काढलेला आणि निदान दिवसभर थंडाव्यात राहिलेली. कोल्हापूरच्या चिकन सेंटरवर मिळणारी कोंबडी या तिन्ही बाबतींत वेगळी असते. कृती अक्षरशः पाळूनही लेग पीस चिवट आणि फिकट निघतो, याचं कारण बहुतेकदा इथेच असतं आणि दोष यंत्राच्या माथी मारला जातो.

पण आधी वाऱ्याचं काम समजून घेऊ. कुरकुरीत म्हणजे पाणी गेलेलं, आणि रसदार म्हणजे पाणी राहिलेलं. एकाच तुकड्यात या दोन्ही गोष्टी हव्यात, त्याही दोन-तीन मिलिमीटरच्या अंतरात. सगळी कसरत आहे ती एवढीच. मांसाचा पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपलीकडे जात नाही; कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच असल्याने इथे तो ९८ अंशांच्या जवळ आहे. बाहेर हवा २०० अंशांची असली तरी आलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. हा खर्च लहान नाही. पाणी शून्यापासून उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता तेवढ्याच पाण्याची वाफ करायला लागते. उलट भाजल्याचा तांबूस रंग आणि खमंग वास ज्या रासायनिक क्रियेतून येतो, ती जोर धरते १४० अंशांच्या पुढे. साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातली ही क्रिया लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली. थोडक्यात, पृष्ठभाग सुकल्याशिवाय रंग नाही.

इथे पंखा कामाला येतो. पावसाळ्यात घरातल्या दोरीवरच्या कपड्यांना आपण पंखा लावतो, तोच हा न्याय: ओल्या वस्तूभोवती दमट हवेचा थर साचतो आणि वारा तो हटवत राहतो. एअर फ्रायर हेच काम २०० अंशांच्या हवेने करतो. तरीही हवा ही उष्णता देण्यात तेलापेक्षा फार दरिद्री. भट्टीत हात घालून ताट बाहेर काढता येतं. तेवढ्याच तापलेल्या तेलात बोट बुडवायची हिंमत कोण करील? म्हणून तेलात आठ-दहा मिनिटांत होणाऱ्या कामाला इथे वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि म्हणूनच टोपलीत तुकडे खच्चून भरले की वाऱ्याला वाट उरत नाही. मग तुकडे आपल्याच वाफेत शिजतात. चार लेग पीसची टोपली असेल तर चारच ठेवावेत. घरात माणसं दहा असली तरीही.

आता मांडीकडे वळू. कोंबडी उडत नाही. दिवसभर चालते, उभी राहते, उकरते. छातीचे स्नायू तिला क्वचितच लागतात, मांडीचे सतत. सतत राबणाऱ्या स्नायूला ऑक्सिजन साठवणारं मायोग्लोबिन जास्त लागतं, म्हणून मांडीचं मांस गडद. त्यात चरबी जास्त आणि स्नायू बांधून ठेवणारं कोलॅजनही जास्त. छातीचा तुकडा ७० अंश ओलांडून वर गेला की कोरडा पडत जातो. मांडीचं उलट आहे. सत्तरच्या पुढे तिच्यातलं कोलॅजन वितळून जिलेटिन होऊ लागतं आणि ते जिलेटिनच तोंडात रसदार लागतं. सुरक्षिततेसाठी कोंबडी आतपर्यंत ७४ अंशांना पोहोचली पाहिजे. पण लेग पीसची खरी चव ८० ते ८५ च्या दरम्यान उमलते. पाच मिनिटं इकडची तिकडे झाली तर मांडी माफ करते, छाती करत नाही. हवेसारख्या संथ माध्यमात शिजवायला याहून सोयीचा तुकडा कोंबडीत दुसरा नाही.

हाडाजवळचा गुलाबी रंग पाहून मात्र पुष्कळ जण घाबरतात आणि तुकडा पुन्हा आत ढकलून त्याचा चुना करतात. आजची ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते. तिची हाडं कोवळी आणि सच्छिद्र असतात, त्यातून मगजाचा रंग बाहेर झिरपतो. पूर्ण शिजलेल्या तुकड्यातही तो दिसू शकतो. रंगावर विसंबण्यापेक्षा मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्यावा. टोक हाडाला टेकू न देता मांडीच्या जाड भागात घालायचं, बस्स. इतकी उपयोगी आणि इतकी दुर्लक्षित वस्तू स्वयंपाकघरात दुसरी नसेल.

ही ब्रॉयलर आपल्याकडे सरसकट झाली ती गेल्या पन्नासेक वर्षांत. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे पुणे हे भारतीय कुक्कुटपालनाचं एक मोठं केंद्र झालं. त्याआधी कोंबडी म्हणजे गावरान. अंगणात वाढलेली, वयाने मोठी, पायात ताकद असलेली. वय वाढतं तसे कोलॅजनचे धागे एकमेकांत अधिक घट्ट गुंततात; ते सुटायला पाणी आणि वेळ लागतो. गावरान कोंबडीचा लेग पीस एअर फ्रायरमध्ये घालणं म्हणजे पैसे आणि दात दोन्ही वाया. तिची जागा पातेल्यात, मंद आचेवर.

आता त्या तीन फरकांकडे येऊ.

पहिला ताजेपणाचा. इथे कोंबडी डोळ्यांसमोर कापून घेण्याची पद्धत आहे, आणि तासाभरात ती चुलीवर असते. आपण याला गुण मानतो. रश्श्याच्या बाबतीत फारसं बिघडत नाही, कारण तिथे पाणी आणि वेळ दोन्ही असतात. कोरड्या भाजण्यात मात्र हा ताजेपणा नडतो. कापल्यावर थोड्या वेळात स्नायू आखडतात आणि काही तासांनी पुन्हा सैल पडतात. आखडलेल्या अवस्थेत शिजवलेला तुकडा चिवट होतो. सकाळी आणलेला लेग पीस रात्री करावा, शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी. त्या वेळेत मीठ लावून, न झाकता, फ्रिजमध्ये ठेवला तर दुहेरी फायदा होतो. किलोला साधारण १० ग्रॅम, म्हणजे दीड-पावणेदोन चहाचे चमचे मीठ पुरे. मीठ आत शिरून प्रथिनं थोडी सैल करतं, त्यामुळे शिजताना ती पाणी कमी सोडतात. आणि फ्रिजची कोरडी हवा पृष्ठभाग सुकवते. हा तुकडा सगळ्यात खालच्या कप्प्यात आणि भाजीपाल्यापासून लांब ठेवावा.

धुण्याबद्दल एक शब्द. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नये, शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात, असं अन्नसुरक्षेचे जाणकार सांगतात. पण दुकानातून रक्त आणि पिसाच्या काड्यांसकट आलेली कोंबडी न धुता शिजवा, असं कोल्हापुरातल्या कुठल्या आजीला सांगून पाहा! माझा तोडगा असा: मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात हलकेच धुवावी, पाणी सांभाळून ओतावं, सिंक घासावं आणि मग तुकडा स्वच्छ कापडाने किंवा टिश्यूने असा टिपावा की बोट फिरवलं तर ते कोरडं राहावं. चमचाभर राहिलेलं पाणीसुद्धा पंख्याची पहिली काही मिनिटं खातं.

दुसरा फरक कातडीचा, आणि हाच सर्वांत मोठा. दुकानात कोंबडी सोलून देतात. पिसं आणि कातडी एकदमच निघते, काम झटपट होतं. परदेशी कृतीतला सगळा कुरकुरीतपणा त्या कातडीवरच उभा असतो. कातडीत पाणी, चरबी आणि कोलॅजन असतं. पाणी उडतं, चरबी वितळून निथळते आणि उरलेली चौकट कडक होते. चरबी तिथल्या तिथे तुकड्याला तळतेही. म्हणजे कातडीवाल्या लेग पीसला वेगळं तेल जवळजवळ लागतच नाही. खेड्यात गावरान कोंबडीची पिसं काढून ती जाळावर भाजून, हळद लावून कातडीसकट रांधायची रीत आहे; तेव्हा कातडी आपल्याला परकी नाही. चिकन सेंटरवाल्याला आधी सांगून ठेवलं तर तो कातडीसकट देतोही, फक्त गर्दीच्या रविवारी मागू नये. अशा तुकड्याला मिठाबरोबर किलोला चमचाभर बेकिंग पावडर चोळली तर पृष्ठभाग किंचित अल्कधर्मी होतो आणि मायारची क्रिया वेग घेते. खाण्याचा सोडा मात्र नको, त्याची साबणासारखी चव लागते.

कातडी नसेल तर तिची जागा कशाने तरी भरून काढावी लागते. उघडं मांस दोनशे अंशांच्या वाऱ्यात ठेवलं तर त्याला कुरकुरीत पापुद्रा येत नाही, चामड्यासारखी साल येते. इथे तांदळाचं पीठ कामाचं. दोन वाटे तांदळाचं पीठ आणि एक वाटा कॉर्नफ्लोअर, एवढंच मिश्रण. भज्यासारखं ओलं पीठ इथे चालत नाही. तेलात ते पडताक्षणी घट्ट होतं, हवेत ते आकार धरायच्या आत जाळीतून खाली गळतं. म्हणून अंड्याच्या पांढऱ्यात किंवा अगदी थोड्या घट्ट दह्यात तुकडा घोळवायचा, मग कोरड्या पिठात दाबून फिरवायचा, जास्तीचं झटकायचं, आणि दहा मिनिटं तसाच ठेवायचा म्हणजे पीठ ओल शोषून चिकटून बसतं. त्यावर तेलाचा हात हवाच. तेल न लागलेलं पीठ शेवटपर्यंत पांढरंफटक राहतं आणि घशाला लागतं. चार तुकड्यांना चार चहाचे चमचे शेंगतेल ब्रशने लावलं तरी पुरतं. ‘तेलाविना’ अशी जाहिरात वाचून जे हे चार चमचेही वाचवतात, त्यांना खडूची चव मिळते.

तिसरा फरक तुकड्याच्या आकाराचा. आपला लेग पीस म्हणजे मांडी आणि नळी एकत्र; मांडी जाड, नळी बारीक. दोन्ही एका वेळी शिजाव्यात म्हणून मांडीच्या जाड भागाला हाडापर्यंत दोन-तीन चिरा द्याव्यात. चिरा पडल्या की रस गळतो अशी तक्रार होते, आणि ती थोडीफार खरी आहे. पण मीठ आत पोहोचतं आणि सांध्याजवळ कच्चं राहत नाही, हा सौदा मला परवडतो.

एवढं सगळं जमलं तरी कोल्हापूरकराचा खरा पेच पुढेच आहे: चटणी. उन्हाळ्यात डंकावर कुटून बरणीत भरलेली कांदा-लसूण चटणी चिकनला लावल्याशिवाय चैन पडत नाही. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, जोडीला सुकवून तळलेला कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे. यातलं जवळजवळ सगळं आधीच एकदा भाजलेलं किंवा तळलेलं. कांद्यात साखर आहे, खोबऱ्या-तिळात तेल आहे. ही चटणी पहिल्यापासून लावून तुकडा २०० अंशांत वीस मिनिटं ठेवला तर ती काळी आणि कडू होते. त्याहून वाईट म्हणजे पंखा मिरचीचा धूर घरभर नेतो आणि हॉलमध्ये बसलेली माणसं खोकत बाहेर येतात. रश्श्यात हे होत नाही, कारण तिथे पाणी तापमान शंभरच्या खाली धरून ठेवतं. आपली चटणी पाण्यातल्या आणि तेलातल्या आयुष्यासाठी घडलेली आहे, कोरड्या वाऱ्यासाठी नाही.

तेव्हा तिला उशिरा बोलवायचं. आधी फक्त मीठ, हळद आणि आलं-लसणाचा गाळलेला रस; चोथा नको, कारण लसणाचे कण सगळ्यांत आधी करपतात. लेग पीस १८० अंशांवर अठरा ते वीस मिनिटं, मध्ये एकदा उलटून. मग दीड चमचा चटणी दोन चमचे कोमट तेलात कालवून ती वरून लावायची आणि १७० अंशांवर आणखी चार-पाच मिनिटं. ब्याडगीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून तेलात कालवलेल्या चटणीने तुकडा लालभडक होतो. कोरडी भुरभुरवली तर ती उडून कॉइलवर जाते. ज्यांना पापुद्रा अगदी कडक हवा, त्यांनी चटणी लावण्याआधी तीन मिनिटं २०० अंश करून घ्यावेत. यंत्रायंत्रांत फरक असतो, घड्याळापेक्षा थर्मामीटरचं ऐकावं.

या घरगुती पद्धतीला एक जास्त कोल्हापुरी वाटही आहे, आणि मला तीच आवडते. इथलं सुक्कं सहसा कच्च्या मांसापासून थेट होत नाही. आधी हळद-मीठ, आलं-लसूण घालून मांस शिजवतात, त्याचं पाणी म्हणजे अळणी. ती पोरांना वाटीतून प्यायला देतात, तिचाच पुढे पांढरा रस्सा होतो, आणि शिजलेले तुकडे मसाल्यात परततात. लेग पीसलाही हेच करता येतं. तुकडे जेमतेम बुडतील एवढ्या पाण्यात, खदखदा न उकळता, मंद आचेवर पंधरा मिनिटं ठेवायचे. मांडीचं कोलॅजन सुटू लागतं, अळणीला चिकटसर अंग येतं. मग तुकडे बाहेर काढून ताटात पसरायचे आणि पूर्ण गार होऊ द्यायचे. गरम तुकड्यातून निघणारी वाफ त्याला आपोआप सुकवते. त्यानंतर कॉर्नफ्लोअर-तांदळाच्या पिठाचा पातळ हात, तेल, आणि २०० अंशांवर आठ ते दहा मिनिटं. आत शिजवण्याची जबाबदारी संपलेली असल्याने वाऱ्याला एकच काम उरतं, बाहेरून कडक करायचं. चटणीचं तेल शेवटच्या तीन मिनिटांत, आच कमी करून. थोडा रस अळणीत जातो हे खरं, पण तो जातो पांढऱ्या रश्श्यात. तोटा घरातल्या घरात.

विजेचा हिशेब भीतीचा नाही. १५०० वॅटचं यंत्र पंचवीस मिनिटं चाललं, तर कॉइल सलग तापलेली धरली तरी साधारण सहा दशांश युनिट होतं. भीती प्लगची आहे. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट; पेठेतल्या जुन्या घरांत ओट्याजवळचा साधा प्लग तेवढ्यावर थकतो. फ्रिज किंवा गीझरचा जो १६ अँपिअरचा पॉइंट असतो तसाच याला हवा, आणि एक्स्टेन्शनची वायर तर नकोच.

बाहेर काढल्यावर लेग पीस जाळीवर पाच मिनिटं ठेवावा. ताटात ठेवला तर खालची बाजू स्वतःच्या वाफेने मऊ पडते. गरम राहावा म्हणून झाकणाच्या डब्यात घातला तर दहा मिनिटांत सगळी मेहनत पाण्यात. जुलै-ऑगस्टच्या कोल्हापुरी दमट हवेत तो उघड्यावरही फार टिकत नाही, तेव्हा माणसं पाटावर बसल्यावरच शेवटची तीन मिनिटं द्यावीत. तांबडा रस्सा वेगळ्या वाटीत वाढावा, तुकड्यावर ओतू नये. आणि टोपलीखाली जमलेली लाल चरबी धुऊन टाकायच्या आधी चमच्याने वाटीत काढून घ्यावी. उरलेल्या भातावर, मीठ बघून, ती दुसऱ्या दिवशीही चालते.